मीठ घातलेला बर्फ

"ताई, बर्फ हाये का?"

संघप्रियेनं मान वर केली नाही. सावली गावच्या बसस्टँडसमोर तिच्या बापाचं, सोमाजीचं सोडा-कुल्फीचं दुकान, लाद्या पोत्यात गुंडाळून दारातच ठेवलेल्या, डोक्यावर मार्चची भर दुपार... आणि हा विचारतो बर्फ आहे का. कुल्फीचे साचे पुसता पुसता ती म्हणाली, "नाई. आमी इथी कोळसा विकतो."

"मंग कोळसाच द्या थोडा," समोरचा आवाज म्हणाला. "फक्त गार पायजे. रक्त ठेवाचं हाये."

आता मात्र तिनं पाहिलं. रंग उडालेला शर्ट, पँटीला लोकरीचे पुंजके, केसांत गवताची काडी. अंगाला मेंढ्यांचा असा वास की शेजारच्या पानठेल्यावरच्या दोघांनी तोंड फिरवलं. हातात थर्माकोलचा डबा होता, आणि तो त्यानं असा धरला होता, जसं आत एखादं बाळ झोपलंय.

"कोणाचं रक्त?"

"मेंढीचं."

"मेली का थे?"

"नाई जी. उभी हाये. चारा खाऊन राह्यली," तो म्हणाला, आणि मग जरा विचार करून, "आता माह्यावर रागावली असन, एवढंच."

तिला हसू आलं. अनोळखी माणसापुढं फुकट हसू नये असं तिच्या आईनं, बायनाबाईनं, शिकवलेलं. म्हणून तिनं ते गिळलं. पण गिळलेलं हसू काही पचत नाही. ते संध्याकाळपर्यंत पोटात इकडून तिकडं फिरत राहिलं.

त्याचं नाव कुलदीप. गुरांच्या दवाखान्यात नवीन आलेला पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गावाच्या तोंडी ढोर-डॉक्टर. घर वाघांच्या जंगलालगतच्या मोहर्लीचं. ही सगळी माहिती पानठेल्यावाल्यानं न विचारता पुरवली. तिनं काही विचारलं नव्हतं... फक्त पान घेत नसतानाही ती तिथं जरा जास्त वेळ उभी राहिली होती.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी बर्फ न्यायला, कधी बर्फ कसा टिकतो ते विचारायला, आणि एकदा तर डबाच न घेता. डबा कुठाय, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांकडे पाहिलं, जसे काही तेच विसरून आले होते. मग म्हणाला, बर्फ आहे की नाही तेवढंच बघायला आलो होतो. लाद्या त्याच्या गुडघ्याशी होत्या. एव्हाना 'ताई' मात्र गळून पडलं होतं. त्या जागी काय म्हणायचं हे त्याला सापडलं नव्हतं, म्हणून तो प्रत्येक वाक्याच्या आधी नुसता घसा साफ करायचा.

मोहर्लीचा माणूस म्हणून ती त्याला वाघावरून छेडायची. तो म्हणायचा, वाघ बरा, तो निदान समोरून जातो. मेंढी मागून येऊन गुडघ्यात धडक देते. पहिल्या दिवशीचं रक्त दवाखान्यात आलेल्या एका मेंढीचं होतं; खरी काळजी पोचूच्या कळपाची होती, आणि सोडा पिता पिता त्यानं तिला ती गोष्टही सांगितली.

पोचू हा कुरमार, मेंढपाळ. धान कापून झालं की मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, तो आपला कळप बसवायचा. शेताला लेंडीखत मिळायचं, त्याला धान्य. यंदा त्याच्या मेंढ्या दिवस भरायच्या आतच मेलेली पिल्लं टाकत होत्या. आणि ती पिल्लं हातानं उचलणारी त्याची बायको तापानं पडली होती. ताप जायचा, यायचा, सांधे धरायचे. गडचिरोलीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, हा मेंढ्यांकडून माणसात येणारा आजार असू शकतो. मेंढ्यांचं रक्त तपासून आणा, म्हणजे बाईचं औषध नक्की करता येईल. रक्त तपासायचं तर चंद्रपूरला. गुरांच्या दवाखान्यातलं फ्रिज लसींनी भरलेलं, आणि एसटीला फ्रिज नसतं. मधे मूल गावापर्यंतचा तापलेला डांबरी रस्ता, मग पुढचा, आणि काचेच्या नळ्यांमधलं कोवळं रक्त.

"चंद्रपूरपर्यंत गार राह्यलं पायजे," तो म्हणाला. "नाईतं सगळी मेहनत मातीत."

हे वाक्य तिनं उराशी धरलं. मुलींचं असं असतं, समोरचा सहज काही बोलून जातो आणि त्या ते रात्रंदिवस उगाळत बसतात.

शेवटी एका दुपारी तो धापा टाकत आला. पोचूच्या तळावरून थेट, नळ्या अजून ऊन ऊन, शर्टावर लाल ठिपका. डबा भरून द्या, कंडक्टर शफीचाचाच्या हाती चंद्रपूरला पाठवायचाय, त्याची बस येईलच, असं म्हणत तो तोंड धुवायला नळाकडे वळला. आणि संघप्रियेनं तेच केलं जे कुल्फीवाल्याच्या लेकीनं करावं. नुसता बर्फ दोन घटकांत पाणी होतो. त्यात खडेमीठ पेरलं की गारठा असा चढतो की हलतं दूध दगड होतं. तिनं एक थर बर्फाचा दिला, त्यावर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, आणि मधोमध नळ्या रोवल्या. त्याला काही बोलली नाही. आवडत्या माणसासाठी केलेल्या गोष्टीचा गाजावाजा कशाला?

तो परत आला, डब्याला हात लावला आणि दचकला. "इतका गार?"

"आमचा बर्फ हाये," ती म्हणाली. त्या दिवशी तिच्याएवढी सुखी मुलगी सावलीत दुसरी नसेल.

सुख फार टिकलं नाही. दोन-तीन दिवसांनी बस लागली, आणि कंडक्टर शफीचाचा खाली उतरतो न उतरतो तोच कुलदीप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. प्रयोगशाळेतून फोन आला होता. नमुने बाद. सगळेच्या सगळे. कुलदीपचं म्हणणं, डबा इंजिनजवळ ठेवला असणार, तापला असणार. शफीचाचा आधी हसला, मग त्याचं हसणं आटलं. लेकरांची शपथ घेऊन तो म्हणाला की डबा त्यानं स्वतःच्या सीटखाली ठेवला होता, आणि तो इतका गार होता की त्याच्या पायाला कळ लागली. कुलदीप ऐकेना. शफीचाचा तिकिटांची पेटी काखेत मारून निघून गेला, त्या दिवशी सोडा न पिता.

दुकानात येऊन कुलदीप लाकडी पेटीवर बसला. तिनं विचारलं, बाद म्हणजे काय झालं?

त्यानं समजावलं. रक्त नीट राहिलं तर ते खाली गोठून बसतं, आणि वर पिवळसर पाणी येतं, पेजेवरच्या पाण्यासारखं नितळ. तपासणी त्या पाण्याची असते. पण रक्ताचे बारीक कण फुटले, तर त्यांचा सगळा रंग पाण्यात उतरतो. चंद्रपूरला नळ्या उघडल्या तेव्हा आत नुसतं पानाच्या पिचकारीसारखं लाल होतं.

"प्रयोगशाळेतले सर म्हणे, गोठवलं होतं का? मी म्हटलं, नाई जी, साधा बर्फ होता. साध्या बर्फात रक्ताचा दगड कसा होईन?"

संघप्रियेचा हात त्या वेळी मिठाच्या डब्यात होता. तिनं तो हळूच बाहेर काढला आणि पदराला पुसला. पुन्हा पुसला.

त्यानंतर तिचं कशातच मन लागेना. साचे भरायची तर दूध सांडायचं. बस आली की छातीत धस्स, गेली की त्याहून जास्त. उभी राहिली की बसावंसं वाटे, बसली की उठावंसं. बायनाबाईनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. सोमाजी म्हणाला, उन्हाळा हाये, पोट्टीले उन्हाळा बाधला. काय बाधलं ते तिलाच ठाऊक. सांगावं, तर तो परत या दुकानाची पायरी चढणार नाही. न सांगावं, तर शफीचाचा उगाच चोर ठरतो... आणि पुन्हा रक्त काढलं तर हा पुन्हा इथंच येणार, बर्फ द्या म्हणणार.

पण पुन्हा रक्त तरी कुठून येणार? पोचूनं हात झटकले होते. माझ्या मेंढ्या काय नळ आहेत, वाटेल तेव्हा सोडा, असं त्यानं कुलदीपला सुनावलं होतं. आजाराची कुणकुण लागून पुढच्या गावच्या शेतकऱ्यानं कळप बसवून घ्यायला नकार दिला होता, आणि पोचू आता वैनगंगा ओलांडून पलीकडं जायच्या बेतात होता. तो गेला की कळप गेला, आजारही गेला दुसऱ्यांच्या कळपांत, आणि त्याची बायको तशीच कण्हत राहणार.

"एकदा मनवून पाहातो त्याले," कुलदीप येऊन म्हणाला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. त्यानं रिकामा डबा पुढं सरकवला. "मानला तं उद्या सकाळीच काढतो. या वेळेस दुप्पट बर्फ द्या. खूप गार पायजे."

सोमाजी मागं सोड्याच्या बाटल्या भरत होता. पानठेल्यावर रेडिओ चालू होता. सांगायला याहून वाईट जागा नव्हती, पण उद्या सकाळ झाल्यावर सांगून उपयोग नव्हता.

"बर्फ कमी नव्हता पडला," ती म्हणाली. "शफीचाचानंही काई नाई केलं. मी केलं. बर्फात मीठ टाकलं होतं... कुल्फीले टाकतो तसं."

त्यानं डब्यावरचा हात काढला.

"किती?"

"भरपूर."

"काऊन पण?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, ओठांवरच होतं. पण बापाच्या देखत, सोड्याच्या बाटल्यांच्या खडखडाटात ते कसं द्यावं... "गार राहावं म्हणून," एवढंच ती म्हणाली.

त्यानं झाकण लावलं, डबा उचलला आणि गेला. डबा एका हातात, कसाही लोंबता. बाळासारखा नाही.

ती रडली नाही. रडायला एका जागी बसावं लागतं आणि तिला बसवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिली बस लागल्या लागल्या ती शफीचाचाकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला, मिशीत बोटं घालून.

"मंजे मीठ तुहं, अन् खारा झालो मी," तो म्हणाला. मग त्याला हसू फुटलं. "थो पोट्टा काल सांजेले येऊन माह्या पाया पडून गेला. मी म्हटलं, काय झालं, तं बोलेना. तुहं नाव नाई घेतलं त्यानं. आता मले नोको सांगू बेटी, पोचूले सांग. नुकसान त्याचं झालं."

तुझं नाव घेतलं नाही... हे शब्द सायकलच्या चाकाबरोबर फिरत राहिले. गावाबाहेरच्या बांध्यांत पोचूचा तळ होता. कुत्री भुंकत अंगावर आली, तशी ती सायकलच्या मागं लपली. पोचू मोहाच्या झाडाखाली उकिडवा बसून लोकर कातत होता. बाजूला घोंगडीत गुंडाळलेली त्याची बायको. संघप्रियेनं आडवळण घेतलं नाही. कुल्फीवाल्या सोमाजीची मी पोरगी, तुमच्या मेंढ्यांचं रक्त माझ्यामुळं वाया गेलं, डॉक्टरची चूक नाही.

पोचू खोकला येईस्तोवर हसला. "मेंढीचं रक्त कुल्फीचं दूध समजली का व?" पण पुढं तो मानेना. एकदा दिलं ते दिलं. आज दुपारी तळ हलणार.

तेवढ्यात घोंगडीतून आवाज आला. बारीक, पण धारदार.

"हलवून कुठी नेतं मले? बैलगाडीत मारतं का? थे पोट्टी सोताहून आपली चूक सांगाले आली. तुह्या खानदानात कोणी आलं होतं का असं? काढू दे रक्त."

पोचूनं बायकोकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि लोकरीचा गोळा खाली ठेवला. एकच अट घातली, मेंढ्या हिनं धरायच्या.

म्हणून कुलदीप जेव्हा पोचूची मनधरणी करायला तिथं पोचला, तेव्हा त्याला दिसलं ते असं: सोमाजीची लेक जमिनीवर बसलेली, दोन गुडघ्यांत एक धिप्पाड मेंढी, वेणीत लोकर, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता हसाल तर याद राखा.

तो हसला नाही. बॅग उघडली. मेंढीच्या मानेवरची लोकर बाजूला केली, अंगठ्यानं शीर दाबली, सुई लावली. तिनं मेंढीचं डोकं छातीशी धरलेलं. त्याचा हात तिच्या हाताला लागायचा, निघायचा, पुन्हा लागायचा. एक झाली, दुसरी झाली. दोघंही कामापुरतं बोलत होते. धरा. सोडा. पुढची. मेंढ्यांना मात्र काहीतरी कळलं असावं, त्या चकार शब्द न काढता उभ्या राहिल्या.

सगळ्या नळ्या भरल्यावर ती म्हणाली, "आणू का बर्फ? नुसता. बिनमिठाचा."

"आता नाई." त्यानं नळ्या झाडाच्या बुंध्याला, सावलीत तिरप्या टेकवल्या. "आधी असंच राहू द्याचं. हलवाचं नाई. रक्त आपल्या मनानं बसते, पाणी वर येते. पाणी काढून घेतल्यावर मंग बर्फ."

"अन् किती वेळ?"

"त्याले वाटन तितका."

मग दोघं बसले. मोहाची फुलं टपटप पडत होती, पिवळट, रसाळ, गोडसर वासाची. एखादं तिच्या पदरावर, एखादं त्याच्या बॅगेवर. पोचू बायकोला पेज पाजत होता. कुलदीपला काही बसवेना. तो उठायचा, नळीपाशी जायचा, वाकून बघायचा, उचलायला हात पुढं करायचा. तिसऱ्या खेपेला तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"हलवाचं नाई म्हणे ना?"

तो खाली बसला, आधीपेक्षा जवळ.

"मी शिकलो होतो हे सगळं," तो नळ्यांकडं बघत म्हणाला. "मागच्या खेपेलेही असंच ठेवाचं होतं. नाई ठेवलं. काढल्या काढल्या तसंच ऊन रक्त घेऊन पळत सुटलो. मीठ नसतं तरी थे खराबच झालं असतं. आधी माही चूक, मंग तुमची."

"काऊन पळाले मंग?"

"तुह्या दुकानात याची घाई होती."

तिनं एक मोहफूल उचललं आणि ते बोटांत फिरवत राहिली. तुमच्या नव्हतं म्हणाला तो. तुझ्या म्हणाला.

"मंग काल असे काऊन निघून गेले?"

"शफीचाचाले काय काय बोललो होतो, थे आठवलं. अन्..." तो थांबला, घसा साफ केला. "अन् मले वाटलं, हिनं सांगून टाकलं मंजे हिले माहं काईच नाई. माणसाचं काई वाटत असन तं असं लपवून ठेवते. मी तं लपवलं असतं."

वाऱ्याची एक झुळूक आली, चार-पाच फुलं एकदम पडली. संघप्रियेला वाटलं, आता उठावं, सायकल घ्यावी आणि थेट घर गाठावं. पण नळ्या होत्या. नळ्यांपाशी कोणीतरी बसायला हवं होतं.

"वाटत होतं म्हणूनच सांगतलं," ती म्हणाली. "नाईतं दुप्पट मीठ टाकून देलं असतं... तू पुन्हा पुन्हा आला असतास."

 त्याचा हात, जो सकाळपासून एका जागी राहत नव्हता, तिच्या हातावर येऊन थांबला. आणि त्याच वेळी पहिल्या नळीत, लाल गोळ्याच्या वर, पिवळं पाणी दिसायला लागलं. नितळ. दोघांनीही ते पाहिलं, दोघांपैकी कोणीही हललं नाही.

पाणी लहान नळ्यांत काढून झालं. साधा बर्फ पोचूच्या एका नातेवाइकानं सायकलवरून आणला. फाट्यावर उभं राहून त्यांनी शफीचाचाची बस थांबवली. डबा मांडीवर कोण घेणार यावर दोघांचं थोडं भांडण झालं, मग तो तिच्या मांडीवर राहिला, आणि खड्डा आला की खालून त्याचा हात. खड्डे पुष्कळ होते. शफीचाचानं पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघायचं ठरवलेलं दिसत होतं.

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत एका बाईनं नळी उजेडात धरली आणि "हं, हे ठीक आहे," म्हणाली. पांढऱ्या फरशीवर गुलाबी औषधाचा थेंब, त्यात त्या पिवळ्या पाण्याचा थेंब, आणि हळूहळू डोलवणं. काही थेंब तसेच राहिले. काहींत दूध फाटल्यासारखे दाणे धरले. आजार होता. कोणत्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या ते कळलं, आणि पोचूच्या बायकोला कोणतं औषध द्यायचं तेही. मेंढ्या आजारी निघाल्या म्हणून आनंद मानणं बरं नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी परतीच्या बसमध्ये संघप्रियेचा चेहरा काही केल्या गंभीर राहिना.

सावली जवळ आली तसा तो आपोआप गंभीर झाला. सकाळी ती फक्त 'पोचूकडं जाऊन येते' सांगून निघाली होती. आता उन्हं कलली होती.

बस स्टँडवर लागली. सोमाजी दुकानाबाहेर उभा होता, कमरेवर हात. दारात बायनाबाई. पानठेल्यावर नेहमीपेक्षा चार माणसं जास्त. कुलदीप आधी उतरला, मग ती. ती वेगळी चालू शकली असती, मागून, जरा अंतर ठेवून. ती त्याच्या शेजारी चालत आली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हे कुलदीप."

सोमाजीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "महिनाभर माह्याच दुकानातला बर्फ नेऊन राह्यला हा. मले काय वळख सांगतं याची?"

"थे गिऱ्हाइकाची वळख होती," संघप्रिया म्हणाली. आवाज पानठेल्यापर्यंत पोचला. "ही दुसरी हाये."

कुलदीपनं हात जोडले. "जयभीम, बाबा." इतकं हळू की त्याचं त्यालाच ऐकू गेलं नसेल.

पानठेल्यावाल्यानं रेडिओ बंद केला. सोमाजी बायकोकडं वळला. बायनाबाईनं लेकीकडं पाहिलं, वेणीतल्या लोकरीकडं पाहिलं, आणि एक मोठा सुस्कारा सोडला, ज्यात राग होता, पण पुरेसा नव्हता.

दुकानात शिरायच्या वाटेवर एक आडवी फळी होती, तिच्या आत गिऱ्हाईक जात नसे. सोमाजीनं ती उचलून धरली.

"मंग गिऱ्हाइकावानी बाहेर काऊन उभा हाये थो?"

कुलदीप वाकून आत गेला. त्याच्यामागून ती. फळी खाली आली... आणि तेव्हा कुठं शफीचाचानं, इतका वेळ भरली बस अडवून दारात लोंबकळत उभ्या असलेल्या शफीचाचानं, घंटी मारली.